खुंटी मोकळी ठेवल्याबद्दल

वस्ताद, नमस्कार.

तालमीचं आणि पेठेचं नाव मुद्दाम लिहीत नाही. बाल न्याय अधिनियमाचं कलम 74 केसमध्ये सापडलेल्या पोराची ओळख उघड करू देत नाही, आणि तुमचं नाव घेतलं की अख्खी गल्ली पोरगं ओळखेल. म्हणून आभार असे बिननावाचे.

पोरगं तुमच्याकडं आलं तोवर बाकीची सगळी दारं वाजवून झाली होती. शाळेनं दाखला हातात ठेवला होता. एका समुपदेशन शिबिरात दोन तास भाषण, पोहे आणि ग्रुप फोटो झाला, नंतर कुणाचा साधा फोन नाही. एक पुढारी म्हणाले, कळंब्याचं जेल आतून दाखवून आणा, आपोआप सरळ होतंय. असले भीती घालायचे कार्यक्रम अमेरिकेत वर्षानुवर्षं चालले. हिशेब मांडला तेव्हा जेल बघून आलेल्या पोरांचेच गुन्हे जास्त निघाले. साहेबांना हे कोण सांगणार!

तुम्ही केस कसली, साथीदार कोण, काहीच विचारलं नाही. खोरं हातात दिलंत, कुस्तीचा हौदा उकरायला लावलात. मातीत ताक, तेल, हळद, लिंबू किती घालायचं ते दुसऱ्या आठवड्यापासून त्याच्याकडं. वेळ संध्याकाळी सहा ते साडेआठची दिलीत, कारण टवाळ पोरांचा कट्टा भरतो तो दिवेलागणीनंतरच. पहाटे जोर मारून संध्याकाळी कोयत्याचं स्टेटस ठेवणारी पोरं काय कमी आहेत?

त्याच्या तिघा दोस्तांनाही घ्या म्हणून लोक मागं लागले होते. तुम्ही एकट्यालाच घेतलंत, आणि सरळ चाललेल्या दहा-बारा पोरांत सोडलंत. केसमधली चार पोरं एकत्र बसवली की ती एकमेकांचीच शिकवणी घेतात, हे पदव्या घेतलेल्यांनाही उशिरा कळतं.

तिसऱ्या महिन्यात पोरगं अकरा दिवस गायब झालं. हे होतंच. नवेपणा ओसरला की पोरगं समोरच्या माणसाला तपासून बघतं, हाही सोडतोय का. इथंच बहुतेक मार्गदर्शक ‘हाताबाहेर गेलाय’ म्हणून हात झटकतात, आणि असा मधेच सोडणारा माणूस मुळात नसलेला परवडला. तुम्ही एकदा घरावरून गेलात, त्याच्या आईला “पोरगं बरं हाय न्हवं?” एवढंच विचारून परत आलात.

बाराव्या दिवशी ते आलं. दाराजवळच्या तिसऱ्या खुंटीवर त्याचा लंगोट धुऊन, वाळवून टांगलेला. मधल्या काळात दोन नवी पोरं आली होती, खुंट्या कमी पडत होत्या, ती आपले कपडे खिडकीच्या गजाला अडकवत होती. पण त्या खुंटीला कुणाचा हात लागू दिला नव्हता. तुम्ही म्हणालात, “उशीर झाला. बैठका सुरू कर.” पोरगं खुंटीकडं बघत किती वेळ उभं होतं, ते तुमच्या पाठीमागं घडलं. तुम्हाला माहीत नसेल म्हणून सांगतोय.

आणखी एक. गणपतीत त्याला ना वर्गणीला फिरवलंत, ना कुणाच्या वाढदिवसाच्या फलकावर फोटो लावू दिलात. कोल्हापुरात हे किती अवघड आहे ते तालमीत वावरणाऱ्यालाच कळेल.

अजून दोन पोरं आहेत. एकदम पाठवणार नाही, महिन्या-दोन महिन्यांच्या अंतरानं पाठवू. तेवढ्या खुंट्या आधी ठोकून घ्या. खर्च आमच्याकडं.