गळालेल्या क्रमांकांचा हिशेब द्या: इंदूरच्या पोलीस आयुक्तांना खुले पत्र

मा. पोलीस आयुक्त,
इंदूर नगरीय पोलीस

स.न.वि.वि.

कायदा आणि संख्याशास्त्र शिकणाऱ्या बारा विद्यार्थ्यांसाठी आपण आठ आठवड्यांची इंटर्नशिप सुरू करावी, हे सुचवण्यासाठी हे पत्र. पोलिसांनी लोकांसमोर जी माहिती ठेवायची असते ती ठेवली जाते का, आणि किती दिवसांत, एवढेच मोजायचे. तपासात नाक खुपसायचे नाही. सुरुवातीला सहा ठाणी पुरेत: सराफा, छत्रीपुरा, तुकोगंज, विजयनगर, लसूडिया, राजेंद्रनगर. जुनी वस्ती, नव्या कॉलन्या, सगळे त्यात येते.

पहिले काम एफआयआरचे. ७ सप्टेंबर २०१६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार एफआयआर २४ तासांत संकेतस्थळावर चढवायची असते. अडचण असल्यास ४८ तास, आणि दुर्गम भागात नेटवर्कच नसेल तर फार तर ७२. तुकोगंज दुर्गम नाही, तेव्हा २४ च धरू.

विद्यार्थ्याने रोज ठरल्या वेळी संकेतस्थळावरची ठाण्याची एफआयआर-यादी उघडायची आणि एफआयआरच्या नमुन्यातले पाचच रकाने उतरवायचे. रकाना १ मधून अपराध क्रमांक व तारीख, २ मधून कलमे, ३ मधून घटनेची आणि ठाण्यात खबर आल्याची वेळ, ८ मधून उशिराचे कारण, १५ मधून न्यायालयाकडे रवानगी. रकाने ६, ७ आणि १२ ला हात लावायचा नाही. फरियादी, आरोपी आणि हकीकत तिथे असते. सहावा रकाना विद्यार्थ्याचा स्वतःचा: ही एफआयआर यादीत पहिल्यांदा कधी दिसली? हे काम महिनाअखेरीस एका बैठकीत उरकले की हाच रकाना कोरा राहतो आणि सगळी मेहनत पाण्यात जाते. पीडीएफमधली हिंदी कॉपी केली तर मात्रा इकडच्या तिकडे होतात, म्हणून नोंद हातानेच. स्प्रेडशीटमधला तारखेचा रकाना आधी ‘टेक्स्ट’ करून ठेवावा, नाहीतर ०५/०६ चा ५ जून गुपचूप ६ मे होतो. (आणि इथल्या पोलिसी हिंदीत ‘खात्मा’ म्हणजे खून नव्हे, पुराव्याअभावी प्रकरण बंद, हे मराठी घरातल्या मुलांना पहिल्याच दिवशी सांगितलेले बरे.)

आता मूळ मुद्दा. अपराध क्रमांक दरवर्षी १ पासून ओळीने चालतात. यादीत ४१२, ४१३ आणि मग ४१५ दिसले, तर ४१४ कुठे गेला? लैंगिक गुन्हा किंवा पॉक्सो (बालकांवरील लैंगिक गुन्ह्यांचा कायदा) म्हणून नियमाने वगळला असेल, उशीर झाला असेल, किंवा मुंशी, म्हणजे ठाण्याचा लेखनिक, विसरला असेल. बाहेरून तिन्ही सारखेच दिसतात. म्हणजे पारदर्शकता मोजायला जावे, तर नियम पाळणारे ठाणे आणि लपवणारे ठाणे एकाच मापात बसतात. वगळण्याचा निर्णय उपअधीक्षकाखालच्या अधिकाऱ्याने घ्यायचा नाही, हेही त्याच आदेशात आहे. त्यामुळे कागद कुठेतरी असणारच.

म्हणून दर महिन्याला ठाणेवार दोन तक्ते प्रसिद्ध करा. एकात वगळलेले क्रमांक, नुसते. दुसऱ्यात कोणत्या कारणाने किती वगळले आणि निर्णय कोणत्या दर्जाच्या अधिकाऱ्याने घेतला. दोन्ही एकत्र करू नका: क्रमांकाशेजारी ‘पॉक्सो’ लिहिले की मोहल्ल्यात मुलीची ओळख पटायला वेळ लागत नाही.

हे माहिती अधिकारातून मागवता येईल, पण आठ आठवड्यांत ते गणित बसत नाही. उत्तराला ३० दिवस. नाकारले तर ५० रुपये भरून पहिले अपील, त्याला आणखी ३० ते ४५ दिवस. त्यातून ‘माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही’ हे ठरलेले उत्तर. ‘का’ विचारले तर तेही नाकारले जाते, कारण कायदा असलेल्या नोंदी देतो, खुलासे नाही. त्याच कायद्याच्या कलम ४ खाली आपण आपणहून प्रसिद्ध केले, तर दोन्ही बाजूंचे टपाल वाचेल.

ठाण्यांतल्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांबाबत सर्वोच्च न्यायालयाचा २ डिसेंबर २०२० चा निकाल १८ महिन्यांचे चित्रण साठवायला सांगतो, निदान एक वर्षाचे. एका कॅमेऱ्याचा प्रवाह २ एमबीपीएस धरला तर दिवसाला सुमारे २१.६ जीबी होतात. बारा कॅमेरे आणि ४ टीबीची डिस्क असेल तर पंधरा दिवसांत जुने पुसले जाते, कोणी न पुसता. वर्षभरासाठी जवळपास ९५ टीबी हवेत. तेव्हा ‘कॅमेरे किती’ हा प्रश्न कमी कामाचा; आज उपलब्ध असलेले सर्वांत जुने चित्रण कोणत्या तारखेचे, एवढे प्रत्येक ठाण्याने कळवावे.

अटक झालेल्यांची नावे ठाण्यात लावायच्या फलकाचेही (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम ३७) तसेच. फलक आहे का आणि शेवटची नोंद कधीची, इतकेच पाहायचे. नावे उतरवायची नाहीत, फोटो नाही.

शेवटी, एक सहायक पोलीस आयुक्त या कामासाठी नेमून द्यावा. पीडितेचे नाव असलेली एफआयआर चुकून यादीत आलेली दिसली, तर स्क्रीनशॉट न काढता विद्यार्थ्याने त्याच तासाला कोणाला फोन करायचा, तो क्रमांक पहिल्या दिवसाआधी हवा.

आपले,
इंदुरातील काही मराठी भाषक वकील व अध्यापक