विळी कोठीत सापडली

चोपडा,
रविवार, रात्री उशिरा

गजा,

दोन वर्षं फोन नाही आणि आता एकदम पत्र, म्हणून घाबरू नको. कुणी गेलेलं नाही. आईचे गुडघे तसेच, माझी शुगर काठावर.

मला आणि रेशमाला मुलगी झाली, कळलं असेलच. पारोळ्याहून सव्वा महिन्यानं आली. गेल्या सोमवारी आई भाजी चिरायला बसली तर विळी नाही. सगळं घर पालथं घातलं. शेवटी गव्हाच्या कोठीत सापडली, वीतभर खाली, ओढणीत गुंडाळलेली. मी हसत म्हटलं, चोर कोण? रेशमा तिथंच मटकन बसली. "माझ्या हातून पोरीला काही झालं तर?"

पोर गाढ झोपली तरी ही जागी. नाकाखाली बोट धरून श्वास बघायची, रात्रीतून किती वेळा कोण जाणे. आम्ही म्हणायचो, काय जीव आहे लेकीवर! आईनं नजर उतरवली, सासूबाईंनी डिंकाचे लाडू वाढवले, आणि मी शहाण्यानं कूलर आणला. फायलीत बीपी, वजन, हिमोग्लोबिन सगळं आहे. झोप लागते का, हे नऊ महिन्यांत एकानं विचारलं नाही, त्यात मीही आलो. डोहाळजेवणाला ती मोरीत जाऊन रडली होती. तेव्हाच सुरू झालं होतं.

जळगावला मानसोपचारवाल्या बाईंकडे नेलं. त्यांनी दहा प्रश्नांचा कागद दिला, गेल्या 7 दिवसांत कसं वाटलं याचा. बाळंतिणींसाठीचा, एडिनबर्गचा, 1987 चा. आपल्याच वयाचा, पण आपल्यापेक्षा हुशार! दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याबद्दल. तिनं 'कधीच नाही' वर खूण केली तेव्हा कुठं मी पाणी प्यायलो.

बाई म्हणाल्या, बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी येणारं रडू बहुतेकींचं दोन आठवड्यांत ओसरतं, पुढे टिकलं तर दाखवायचं. विळीचं मी चाचरत सांगितलं. त्या म्हणाल्या, त्या विचाराचीच तिला भीती वाटतेय, म्हणून तर लपवली. ही चिंता आहे, वेड नव्हे. बाळंतीण भलतंच खरं मानायला लागली, आवाज ऐकू यायला लागले, तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. ते हजारात एक-दोघींना होतं. थायरॉइड तपासलं. अंगावर पाजता येईल अशी गोळी दिलीय, गुण यायला दोन-तीन आठवडे. रात्रीची एक पाळी आता माझी. लंगोट बदलताना तू असायला हवा होतास, आयुष्यभर हसला असतास.

हिरो होंडाच्या हजार रुपयांवरून आपण भांडलो असं गावाला वाटतं. वाटू दे. 2016 ला तुझ्या ओट्यावर तू मला विचारलंस, मंगल पोराला जवळ घेत नाही रे, काय करू? मी तंबाखू मळत म्हणालो, "नाटक करी ऱ्हायनी ती, तिले माहेर धाडी दे." तू धाडलंस. सहा महिने.

गोळी घेताना रेशमानं मला विचारलं, "आधी कुणाला झालं होतं का असं, आपल्या माहितीत?" मी नाही म्हणालो.

सुरतेत लूमचं काम कसंय? सोनू चौथीत ना? आखाजीला या सगळे.

गजा, वहिनीनं तेव्हा काय लपवलं होतं? कधी विचारलंस?

तुझा,
भाऊ