परत मागवलेली बंदूक बदलून कधी मिळणार? ग्राहक व्यवहार मंत्र्यांना खुले पत्र

माननीय केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

महोदय, सविनय नमस्कार.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगाव तालुक्यातला कास्तकार. वावर जंगलाला लागून आहे. कपाशी, तूर आणि विहिरीच्या पाण्यावर हरभरा घेतो. पीकसंरक्षणासाठी माझ्याकडे एकनळी बारा बोरचा रीतसर परवाना आहे, पण बंदूक नाही. ती कंपनीने परत मागवली. बदलून देतो असे लेखी दिले. त्यानंतर कपाशीची वेचणी उरकत आली, हरभरा घाट्यावर आला, तरी बदली बंदुकीचा पत्ता नाही.

बंदूक परत मागवली याबद्दल माझी तक्रार नाही. दोष गंभीरच होता. या बंदुकीचा घोडा, म्हणजे बार उडवायला आघात करणारा भाग, अर्धा ओढला की आतल्या एका बारीक खाचेत अडकून राहतो. ती खाच नीट कापलेली नसेल, तर दस्ता नुसता आपटला तरी घोडा सुटतो आणि चापाला बोट न लावता बार होतो. जागलीला जाणारा माणूस अंधारात धुरा ओलांडतो, मचाणावर चढतो, बंदूक बाजूला टेकवून ठेवतो. सोबतीला सालदार असतो, कधी घरातला पोरगा असतो. बंदूक विक्रीला येण्याआधी जादा दाबाचे काडतूस उडवून तिची प्रूफ चाचणी होते आणि तसा ठसा तिच्यावर उठतो. पण त्या ठशाने नळीच्या मजबुतीची खात्री मिळते. बंदूक हातातून पडली तर घोडा जागेवर राहील का, ते त्यातून कळत नाही. म्हणून कंपनीचे पत्र येताच मी बंदूक विक्रेत्याकडे जमा केली आणि पावती घेतली.

पुढे मात्र सगळे थंड पडले. विक्रेता म्हणतो, वरून आली की कळवतो. कंपनीला फोन केला की प्रक्रिया सुरू आहे एवढेच सांगतात. तिथे जाऊन जाब विचारावा, तर कंपनी परराज्यात.

फवारणीचा पंप बिघडला तर मी शेजाऱ्याचा आणतो. बंदूक अशी आणता येत नाही. दुसऱ्याच्या परवान्यावरची बंदूक मी माझ्या वावरात नेली, तर शस्त्र अधिनियम १९५९ खाली गुन्हेगार ठरतो. परवान्यावर बंदुकीचा क्रमांक चढवलेला असतो. बदली बंदूक म्हणजे नवा क्रमांक, म्हणजे जुनी नोंद उतरवून नवी चढवायची, आणि त्यासाठी पुन्हा जिल्हाधिकारी कार्यालय. कंपनीने उद्या बंदूक पाठवली तरी परवा मी ती घेऊन जागलीला जाऊ शकणार नाही.

डुकरांचा कळप हरभऱ्यात शिरला की खातो थोडे आणि उकरून टाकतो जास्त. सकाळी गेले तर मुळासकट उपटलेली झाडे आणि नांगरल्यासारखी माती दिसते. रोही, म्हणजे नीलगायी, तुरीचे शेंडे आणि शेंगा ओरबाडतात. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ प्रमाणे या जनावरांना मारायला वनखात्याची परवानगी लागते, हे आम्ही जाणतो आणि पाळतो. बहुतेक रात्री मारायची गरजच नसते. एक बार निघाला की कळप जंगलाकडे वळतो, तेवढेच आम्हाला हवे असते. आता त्या जागी डबे वाजवतो, फटाके लावतो, धुऱ्यावर जुन्या साड्या बांधतो. चार रात्रींत जनावरे त्याला सरावतात. आमच्या भागात वाघाचा वावर आहे, नुसती काठी आणि बॅटरी घेऊन रात्र काढणे काय असते ते इथल्या बायकापोरांना विचारा. आणि नाइलाजाने कोणी कुंपणाच्या तारेत थेट वीज सोडतो. विदर्भात अशा तारेला चिकटून माणसे मेली आहेत, वाघही मेले आहेत. कायद्याने चालणाऱ्या माणसाचे साधन अडकवून ठेवले की गाव त्या तारेकडे ढकलले जाते, हे मी आपल्याला कळकळीने सांगतो.

ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९ च्या कलम २० ने केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला धोकादायक माल परत मागवण्याचा आणि ग्राहकाला किंमत परत देण्याचा आदेश काढण्याचा अधिकार दिला आहे. पण कंपनीने आपणहून माल परत मागवला आणि बदलून देतो म्हणाली, तर ते किती दिवसांत, याचे उत्तर त्या कलमात नाही. माझी बंदूक नेमकी तिथे अडकली आहे. जिल्हा ग्राहक आयोगाचा रस्ता आहे. आपल्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या मालाला शुल्क नाही, ही चांगली सोय आहे. मात्र सामनेवाल्याला नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत आणि मालाची तपासणी लागली तर पाच महिन्यांत निकाल, अशी कायद्याचीच मुदत आहे. हरभरा साडेतीन महिन्यांत घरी येतो. निकाल माझ्या बाजूने लागला तरी त्या हंगामाचे पीक त्याने वाचत नाही.

परत मागवलेल्या मालाबद्दल ग्राहकाला काय मिळावे, हे मोटारगाडीच्या बाबतीत सरकारने ठरवून दिलेले आहे. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन अधिनियमात कलम ११०-अ आले. परत मागवलेल्या गाडीच्या उत्पादकाने किंमत परत द्यावी, नाहीतर तशीच किंवा सरस गाडी द्यावी, नाहीतर दुरुस्त करून द्यावी, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. गाडीतला दोष जीव घेऊ शकतो म्हणून हे कलम आले. बंदुकीतला दोषही जीवच घेतो.

म्हणून माझी मागणी आहे की परत मागवलेली बंदूक बदलून देण्याची मुदत नियमाने ठरवा. कंपनीने ती मुदत चुकवली तर ग्राहकाने मागताच आजच्या बाजारभावाने पूर्ण पैसे मिळावेत, म्हणजे त्याला दुसऱ्या कंपनीची बंदूक घेता येईल. जमा केल्याची पावती आणि कंपनीचे पत्र दाखवले की नव्या क्रमांकाची नोंद जिल्हाधिकारी कार्यालयात आठवड्याच्या आत व्हावी. ही शेवटची गोष्ट गृह मंत्रालयाच्या अखत्यारीतली आहे हे मला माहीत आहे. आपण त्यांच्याशी बोलावे. आमच्यासारख्या कास्तकाराने दोन मंत्रालयांच्या मध्ये उभे राहून ते जमणार नाही.

कंपनीच्या पत्राची प्रत, विक्रेत्याची पावती आणि परवान्याची प्रत आपल्या कार्यालयाकडे टपालाने पाठवली आहे. तूर अजून उभी आहे. तिची कापणी होण्याआधी उत्तर यावे, ही विनंती.

आपला,
एक परवानाधारक कास्तकार
तालुका राळेगाव, जिल्हा यवतमाळ