फोटो छापता, पण विषय विचारत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मुक्त विद्यापीठ आपल्याच नाशकात, त्यामुळे निकालाच्या दिवसांत तुमच्या पुरवणीत एक फोटो ठरलेलाच असतो. साठीतल्या कुणीतरी आजी, हातात डिग्री आणि वर हेडिंग 'जिद्दीला सलाम'. बघून बरं वाटतं, खोटं कशाला बोलू. पण घरच्यांचा सपोर्ट होता का, नातवंडं काय म्हणाली, एवढ्यावर बातमी खलास. आजी शिकल्या काय, पुढे काय करणार, हे कुणी विचारतच नाही.

गर्डा लर्नर नावाच्या एक अमेरिकन इतिहासकार होत्या. व्हिएन्नातल्या ज्यू घरात १९२० चा जन्म, १९३८ मध्ये नाझींनी काही आठवडे तुरुंगात डांबलं, पुढच्या वर्षी कशाबशा अमेरिकेत पोचल्या. तिथे वेट्रेस, एक्स-रे टेक्निशियन, मिळेल ते काम केलं, मग लग्न, दोन मुलं. मुलं मोठी झाल्यावर ग्रिमके बहिणींवर कादंबरी लिहायला घेतली (साउथ कॅरोलिनातल्या गुलाम बाळगणाऱ्या जज्जच्या या पोरी, आणि उभ्या राहिल्या गुलामगिरीच्याच विरोधात), तेव्हा त्यांना वाटलं की आधी इतिहास नीट शिकायला हवा, म्हणून कॉलेजात नाव घातलं. बी.ए. झाल्या १९६३ ला, म्हणजे त्रेचाळिशीत, आणि गंमत म्हणजे स्वतः बी.ए. करतानाच तिथे बायकांच्या इतिहासाचा कोर्स शिकवत होत्या! १९६६ ला कोलंबिया विद्यापीठातून पीएचडी, विषय त्याच दोघी बहिणी. १९७२ मध्ये सारा लॉरेन्स कॉलेजात स्त्री-इतिहासाचा अमेरिकेतला पहिला एम.ए. कोर्स काढला, नंतर विस्कॉन्सिन विद्यापीठात जाऊन पीएचडीचा. १९८१ ला अमेरिकेतल्या इतिहासकारांच्या मोठ्या संघटनेच्या अध्यक्ष झाल्या, त्याआधीची पन्नास वर्षं त्या खुर्चीत एकही बाई बसलेली नव्हती.

आता हे वाचून कुणी म्हणेल बघा, जिद्द! पण लर्नरबाईंचं स्वतःचं म्हणणं नेमकं याच्या उलट होतं. चार कर्तबगार बायका शोधून काढायच्या आणि पुस्तकात चिकटवायच्या, ही नुसती भरपाई झाली, असं त्या म्हणायच्या. बाकीच्या बायका काय करत होत्या, कशावर जगत होत्या, ते कुठंय? त्यासाठी त्यांनी कागद धुंडाळले. काळ्या बायकांवरचं त्यांचं १९७२ चं पुस्तक तर त्या बायकांनीच लिहिलेल्या, सांगितलेल्या मजकुरातून उभं राहिलंय.

हे सगळं लिहायचं कारण म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाई. पन्नाशीनंतर बी.ए. झाल्या, त्यांचाही फोटो छापून आला होता (तुमच्याकडे नाही, दुसरीकडे). दिंडोरीकडे आमची थोडी द्राक्षबाग आहे, तिथे पेठ-सुरगाण्याहून बायका येतात थिनिंगला (घडातले जादा मणी काढायला), डिपिंगला (घड औषधाच्या पाण्यात बुडवायला). जाऊबाई दुपारच्या सुट्टीत त्यांच्यात जाऊन बसतात आणि लिहून घेतात, पहिल्यांदा कुणाबरोबर आलीस, उचल कुणी घेतली, तान्हं पोर कुठे ठेवायचीस, मजुरी हातात कुणाच्या पडायची. मुकादमाची जुनी हजेरीवही मागून आणली तर त्यात बायकांची नावंच नाहीत, नुसतं 'सोमाची बायको', 'सोमाची सून'. मग त्या एकेकीला विचारून समोर पेन्सिलीने खरं नाव लिहीत बसल्या. नाशिकची द्राक्षं परदेशात जातात हे सगळे अभिमानाने सांगतात, पण त्या घडांना हात कुणाचे लागले हे लिहिलेलं निदान माझ्या तरी वाचनात नाही. हेच पीएचडीला घेऊन एका गाइडकडे गेल्या तर ते म्हणाले, मॅडम, या वयात कशाला दगदग! आणि फोटो छापून गेलेल्या पत्रकारालाही त्या वह्या दिसल्या नाहीत, टेबलावरच होत्या की हो.

तर विनंती एवढीच, आजींचे फोटो जरूर छापा, पण विषय कोणता घेतला आणि आता काय लिहिताय, हेही विचारत जा. उत्तर चांगलं आलं तर पुरवणीत अर्धं पान द्या त्यांना, वाढदिवसाच्या शुभेच्छांना देताच की. ऑक्टोबरच्या सुमाराची गोडी छाटणी झाली की महिन्याभरात थिनिंगच्या टोळ्या येतील, तेव्हा तुमचा माणूस बागेत पाठवलात तर जाऊबाई वह्या दाखवायला तयार आहेत, मी विचारून ठेवलंय.

- एक वाचक, इंदिरानगर, नाशिक