भोंग्याचे युनिट भंगारात देण्याआधी उघडून बघा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

पोळा जवळ आला की गणेश मंडळांच्या खोल्या आवरायला निघतात आणि जुने भोंगे हातगाडीवर चढतात. गेल्या आठवड्यात आमच्या भागातल्या एका कबाड्याच्या दुकानासमोर असेच ५ युनिट, म्हणजे कर्ण्यामागचे आवाज काढणारे डबे, पडले होते. मी थांबेपर्यंत तिथल्या पोराने एकावर घण घातला. चुंबकाचे दोन तुकडे झाले, आवाज उठवणारा पातळ पडदा, म्हणजे डायफ्राम, त्याच्या पायाखाली आला. लोखंड वेगळे, तांबे वेगळे विकता यावे म्हणून फोडायचे, एवढाच हिशेब. उरलेले ४ मी वजनाच्या भावाने उचलून घरी आणले.

माझ्या वडिलांचा इतवारीत लाऊडस्पीकर भाड्याने देण्याचा धंदा होता. मी आठवीत असताना त्यांनी मला युनिट उघडायला शिकवले, कारण माझी बोटे बारीक होती. पत्र्याचा कर्णा सगळ्यांना दिसतो, पण आवाज निघतो तो त्याच्या मागे आट्यांनी बसवलेल्या या जड डब्यातून. आत घुमटासारखा पातळ डायफ्राम, त्याच्या काठाला तारेचे वेटोळे, म्हणजे कॉइल, आणि ती कॉइल चुंबकाच्या अगदी अरुंद फटीत तरंगत असते. समोर गोल खाचांचा धातूचा ठोकळा, म्हणजे फेज प्लग. घुमटाच्या मधला आणि काठाचा आवाज कर्ण्याच्या गळ्याशी एकाच वेळी पोचावा म्हणून त्या खाचा. साधा कागदी कोनाचा स्पीकर मिळालेल्या विजेतला शंभरातला एखाददुसरा भाग आवाजात बदलतो, चांगले युनिट आणि चांगला कर्णा पंचवीसपर्यंत जातात. म्हणून तर बाबांच्या ३० वॉटच्या युनिटवरचे कीर्तन गल्लीच्या टोकाला शब्दन् शब्द कळायचे.

आता त्या चौघांबद्दल. पहिले मुके होते. १६ ओहमच्या युनिटला तारेचा विद्युतरोध मोजणाऱ्या मल्टीमीटरवर १२-१३ ओहम दिसायला हवेत, इथे काहीच नाही. मागचे झाकण काढले तर डायफ्राम धडधाकट, फक्त टर्मिनलपाशी कॉइलची तार तुटलेली. डाखाचा एक टाका मारला आणि ते बोलू लागले.

दुसरे खरखरत होते. फटीच्या काठावर गंज आणि लोखंडाचा कीस दाढीसारखा उभा होता. हा कीस फुंकून निघत नाही, चुंबक त्याला सोडतच नाही. पोस्टकार्डाची पट्टी कापायची, तिला मास्किंग टेप चिकट बाजू बाहेर ठेवून गुंडाळायची आणि फटीतून गोल फिरवायची. टेप स्वच्छ निघेपर्यंत मला नऊ पट्ट्या लागल्या. या कामात पितळी चिमटाच हवा. उघड्या चुंबकाजवळ पोलादी पेचकस नेला की तो हातातून हिसकला जातो आणि थेट घुमटात घुसतो. शाळेत असताना माझ्या हातून असा एक चांगला डायफ्राम गेला. बाबा त्या दिवशी जेवले नाहीत. डायफ्राम परत बसवताना समोरासमोरचे स्क्रू थोडे थोडे आवळायचे, हळू आवाजात सूर लावून ठेवायचा आणि कॉइल कुठे घासते का ते कानाने टिपायचे.

तिसऱ्याची कॉइल जळून काळी झाली होती. त्याला डीजेच्या मिक्सरवर लावले असणार. कर्णा ज्या खालच्या सुरांसाठी बनलेलाच नाही ते सूर पाठवले की डायफ्राम बेफाम हलतो आणि फेज प्लगवर आपटतो. बाबा प्रत्येक १६ ओहमच्या युनिटला २० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, म्हणजे खालचे सूर अडवणारा एक छोटा भाग, जोडायचे. त्याने साधारण ५०० हर्ट्झच्या खालचा आवाज उतरत जातो. इतक्या स्वस्त वस्तूअभावी युनिट मरतात, याचा मला राग येतो.

चौथे सर्वांत जड, कुठल्यातरी बंद पडलेल्या टॉकीजमधले, अल्निको नावाच्या मिश्रधातूच्या चुंबकाचे. त्याचे मी फक्त मागचे झाकण उघडले. अल्निको चुंबक आपल्या लोखंडी चौकटीतून काढला की त्याचे बळ उतरते आणि तो पुन्हा चार्ज करावा लागतो. झाकणातला फोम कुजून काळा, चिकट झाला होता, त्याची भुकटी ॲल्युमिनियमच्या घुमटावर सांडली होती. दोन संध्याकाळी ती कापसाच्या बोळ्याने टिपली. रात्री बाईचा नुसता बोलका आवाज त्यावर लावला, तर ती खोलीत उभी आहे असे वाटले. १९२६ मध्ये अमेरिकेच्या वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीने बोलपटांच्या काळातले आपले ५५५ युनिट काढले तेव्हा असे चुंबक नव्हतेच. त्याच्या विद्युतचुंबकाला ७ व्होल्टचा वेगळा पुरवठा द्यावा लागे. १९३१ मध्ये जपानचे धातुशास्त्रज्ञ मिशिमा यांनी लोखंड, निकेल आणि ॲल्युमिनियमचे मिश्रण शोधले, त्यातून पुढे अल्निको आले. त्यावर आपण घण घालतो आहोत.

मंडळांना आणि टॉकीजच्या मालकांना माझी विनंती आहे की हातगाडी बोलावण्याआधी युनिट एखाद्या मेकॅनिकला दाखवा. मल्टीमीटर लावायला दोन मिनिटे लागतात. मी हे युनिट शिकवायला घ्या म्हणून एका प्रशिक्षण संस्थेत गेले होते, अभ्यासक्रमात नाही असे उत्तर मिळाले. इलेक्ट्रॉनिक्स शिकणाऱ्या मुलांना चुंबक, कॉइल आणि ध्वनी एकाच वस्तूत हाताळायला मिळतात, मग अभ्यासक्रमाची अडचण कसली? आपल्या अजब बंगल्यात, म्हणजे नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, किंवा रमण विज्ञान केंद्रात मधोमध कापलेले एक युनिट ठेवले तर मुले त्याच्यासमोर थांबतील.

फुटलेल्या पाचव्या युनिटचा फेज प्लग आणि चुंबकाचे तुकडे मी जपून ठेवले आहेत. एखाद्या शिक्षकाला वर्गात दाखवायचे असतील तर घेऊन जावेत, पैसे नकोत. माझा पत्ता आपल्या कार्यालयात दिला आहे.

आपली,
एक वाचक, महाल, नागपूर