चिंगीचा उपास

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

कुत्र्याला आठवड्यातून एक दिवस उपाशी ठेवा, पोट साफ राहतं, आयुष्य वाढतं, असा सल्ला हल्ली कुत्रा पाळणाऱ्या प्रत्येकाला कुणी ना कुणी देतंच. मलाही मिळाला होता. मी तो डोळे झाकून पाळला, म्हणून हे पत्र.

आमची चिंगी पॉमेरेनियन. तेव्हा जेमतेम अडीच महिन्यांची होती. तिला पातळ शी व्हायला लागली. ओळखीतले एक गृहस्थ म्हणाले, "दिवसभर काही देऊ नका, पोटाला विश्रांती मिळेल." मी सकाळीच तिची वाटी उचलून ठेवली. वाटी असायची त्या जागी जाऊन ती फरशी चाटत होती आणि मी मन घट्ट करून बघत बसले होते. संध्याकाळी ती उठली तीच झोकांड्या खात. मागचे पाय फाकले, मान थरथरायला लागली. हिरड्यांना बोट लावलं तर गार. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं तसा हिरड्यांवर थोडा मध चोळला आणि तिला टॉवेलात गुंडाळून दवाखाना गाठला. रक्तातली साखर घसरली होती.

पिल्लांच्या, त्यातही लहान जातींच्या, यकृतात साखरेचा साठा अगदी थोडा असतो. धडधाकट मोठा कुत्रा एक दिवस सहज काढतो. पिल्लू काही तासांत ढासळतं. इन्सुलिन चालू असलेल्या कुत्र्याचंही तसंच: जेवण चुकलं आणि इंजेक्शन नेहमीचंच दिलं, तर जिवावर बेततं. पोट फार वेळ रिकामं राहिलं की काही कुत्री पहाटे पिवळं पित्त ओकतात. "बघा, घाण बाहेर पडतेय," म्हणून त्याचंही कौतुक करणारी माणसं मला भेटली आहेत.

लांडगे कुठे रोज जेवतात, असं मला नेहमी ऐकवलं जातं. पण लांडगा उपास धरत नाही हो, त्याला शिकार मिळत नाही!

आयुष्य वाढण्याचं म्हणाल, तर 48 लॅब्रॅडॉरवर जन्मभर झालेला एक अभ्यास 2002 साली प्रसिद्ध झाला. त्यात जोड्या लावून निम्म्या कुत्र्यांना जोडीतल्या दुसऱ्या कुत्र्यापेक्षा 25 टक्के कमी खाणं मिळायचं, आणि ती सरासरी जवळजवळ दोन वर्षं जास्त जगली. त्यांना उपास घडवला नव्हता, रोजचं माप कमी होतं. दिवसातून एकदाच जेवणाऱ्या मोठ्या कुत्र्यांमध्ये काही आजार कमी दिसल्याचं 2022 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी मांडलं. पण ती मालकांनी भरून दिलेली माहिती होती. एकदा जेवल्यामुळेच आजार कमी झाले, असं त्यावरून ठरत नाही.

चिंगी आता नऊ वर्षांची आहे. तिचं खाणं मी वजनकाट्यावर मोजते आणि दर रविवारी तिच्या बरगड्यांवरून हात फिरवते. बरगड्या हाताला लागल्या पाहिजेत, पण डोळ्यांत भरता कामा नयेत. हात चरबीवरून घसरायला लागला की वाटीतलं थोडं कमी करते. पाणी मात्र कधीच उचलत नाही.

संपादक महोदय, पाळीव प्राण्यांच्या सदरात उपासाचा सल्ला छापाल तेव्हा तो किती वयाच्या, किती वजनाच्या कुत्र्यासाठी आहे आणि कोणती औषधं चालू असताना तो पाळायचा नाही, हे त्याच ओळीत छापा. मला त्या सकाळी एवढं कुणी सांगितलं असतं, तर मी वाटी उचलली नसती.

आपली,
चिंगीची आई