छाटणी की लांबचा डेपो: सहीआधी हिशेब मांडा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गाड्या कमी केल्या, डेपो हलवला किंवा वाहतुकीचे काम कंत्राटदाराकडे दिले, की ड्रायव्हरला ऑफिसात बोलावून दोनच वाटा दाखवल्या जातात. हिशेब घेऊन मोकळे व्हा, म्हणजे छाटणी, नाहीतर निपाणीच्या किंवा हुबळीच्या डेपोवर रुजू व्हा. बेळगावच्या उद्यमबाग, मच्छे, होनगा या पट्ट्यात काम करणाऱ्यांना हे नवीन नाही. उत्तर बहुधा त्याच दिवशी मागितले जाते आणि माणूस ते रागाच्या भरात किंवा भीतीपोटी देऊन टाकतो. पण या प्रश्नाचा हिशेब करता येतो. तो कसा करायचा, हे आपल्या दैनिकातून ड्रायव्हर बांधवांपर्यंत पोहोचावे यासाठी हे पत्र.

सर्वांत आधी कागदाचे बघा. पुढ्यात येणारा कागद अनेकदा छापील असतो. वर कन्नड किंवा इंग्रजी मजकूर, मध्ये ‘वैयक्तिक कारणास्तव’ अशा अर्थाचे शब्द, तारखेची जागा कोरी आणि खाली रेव्हेन्यू स्टॅम्प आधीच चिकटवलेला. बोलणे छाटणीचे चाललेले असते, पण तो कागद राजीनाम्याचा असतो. स्वखुशीने काम सोडले असे लिहून दिले की कायद्याच्या दृष्टीने छाटणी झालीच नाही, मग छाटणीची भरपाईही मिळत नाही. ईएसआयच्या (कामगार राज्य विमा) ऑनलाइन विवरणात काम सुटल्याचे कारण भरावे लागते. त्यात ‘नोकरी सोडली’ आणि ‘छाटणी’ ही दोन वेगळी कारणे आहेत. छाटणी झालेल्या विमाधारकाला अटी पूर्ण होत असतील तर राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेतून बेकारी भत्ता मिळू शकतो, राजीनामा दिलेल्याला मिळत नाही. म्हणून कन्नड वाचता येत नसेल तर घरातल्या शाळकरी मुलाकडून का होईना, कागद वाचून घ्या. त्याची झेरॉक्स मागा आणि त्या दिवशी सही करू नका. कोऱ्या तारखेवर तर कधीच नको.

आता छाटणीचा हिशेब. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याची जागा २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहितेने घेतली, पण मूळ सूत्र तेच राहिले आहे. वर्षभर सलग सेवा झालेल्या कामगाराला एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार द्यावा लागतो, आणि दर पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार भरपाई म्हणून द्यावा लागतो. शेवटचे अपुरे वर्ष सहा महिन्यांहून जास्त असेल तर ते पूर्ण धरतात. बारा महिन्यांत २४० दिवस भरले की सेवा सलग मानली जाते. त्यात पगारी रजा आणि पगारी साप्ताहिक सुट्ट्याही मोजल्या जातात. नुसत्या हजेरीच्या टिका मोजून ‘तुमचे २४० भरत नाहीत’ असे कोणी सांगितले तर मस्टरची प्रत मागा.

एक उदाहरण घेऊ. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १८,००० रुपये, सेवा ११ वर्षे ८ महिने. भरपाईसाठी सेवा १२ वर्षे धरायची. महिन्याचा अर्धा पगार ९,०००, त्याला १२ ने गुणले की १,०८,००० रुपये होतात. नोटिशीच्या बदल्यात १८,०००. ग्रॅच्युइटीत मात्र महिना २६ दिवसांचा धरतात. १८,००० गुणिले १५ भागिले २६, त्याला १२ ने गुणले की १,२४,६१५ रुपये. सगळे मिळून २,५०,६१५. न वापरलेल्या रजेचे पैसे आणि राहिलेला बोनस वेगळा. नव्या संहितेत छाटणी झालेल्या कामगाराच्या खात्यात ४५ दिवसांत १५ दिवसांच्या पगाराएवढी रक्कम पुनर्कौशल्य निधीतून जमा करण्याचीही तरतूद आहे. ती कोणी आपणहून सांगत नाही, विचारावी लागते.

इथेच बहुतेकांची गफलत होते. अडीच लाख एकदम हाती येणार म्हटल्यावर छाटणीचे पारडे जड वाटते. पण त्यातली ग्रॅच्युइटी तुमचीच आहे. लांबच्या डेपोवर गेलात आणि सेवा अखंड राहिली तर ती बुडत नाही, उलट दरवर्षी वाढते. छाटणी घेतली म्हणून जास्तीचे मिळतात ते १,०८,००० आणि १८,०००, म्हणजे १,२६,००० रुपये. सात महिन्यांचा पगार. तुलना करायची ती या रकमेशी. ज्याची पाच वर्षे भरायला चार-सहा महिने कमी आहेत, त्याने तर लांबच्या डेपोवर का होईना, तेवढे दिवस काढावेत, असे मला ठामपणे वाटते. पाच वर्षांच्या आत ग्रॅच्युइटीचा हक्क सहसा लागू होत नाही.

भत्त्याचीही एक गोष्ट लक्षात ठेवा. आपल्याकडे मूळ पगार कमी आणि ट्रिपचा भत्ता मोठा, अशी रचना सर्रास असते. नव्या व्याख्येनुसार मूळ पगार आणि महागाई भत्ता सोडून बाकीच्या रकमा एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असतील, तर निम्म्यावरचा भाग पगारातच मोजावा लागतो. मूळ ९,००० आणि इतर १५,००० असतील तर एकूण होतात २४,०००. हिशेबाचा पगार १२,००० धरला पाहिजे, ९,००० नव्हे. हिशेबाच्या कागदावर कोणता आकडा धरला आहे, तो आधी पाहा.

आता लांबच्या डेपोचा खर्च. समजा नवा डेपो घरापासून ३५ किलोमीटर आहे. जाऊन-येऊन ७० किलोमीटर. मोटारसायकल लिटरला ५० देत असेल तर रोज १.४ लिटर पेट्रोल. लिटर १०३ रुपये धरून २६ दिवसांचे सुमारे ३,७५० रुपये होतात. महिन्याला १,८२० किलोमीटर पडतात, म्हणजे ऑइल, चेन-स्प्रॉकेट, टायर यांचे ६०० तरी धरा. एकूण ४,३५०. १८,००० मधून हे वजा केले की राहतात १३,६५०. म्हणजे घराजवळ १५,००० ची नोकरी मिळत असेल तर कागदावर कमी दिसणाराच पगार जास्त आहे. शिवाय रोजचे दोन तास वाचतात. २६ दिवसांचे ते ५२ तास होतात, म्हणजे आठ-आठ तासांच्या साडेसहा पाळ्या. हे तास कोणीही पगारात धरत नाही, पण घरचे माणूस धरते.

अंतरापेक्षाही पाळी सुटण्याची वेळ जास्त महाग पडते. गाडी रात्री अडीचला होनग्याला लागली तर येळ्ळूरला किंवा बेळगुंदीला जायला त्या वेळी बस मिळत नाही. माणूस केबिनमध्येच अंग टाकतो, पहाटेची पहिली गाडी धरून घरी येतो आणि दुपारी पुन्हा निघतो. ही झोप नव्हे. पन्नाशीच्या पुढच्या, साखर किंवा रक्तदाब असलेल्या ड्रायव्हरने रात्रीच्या लाइनचे, म्हणजे लांबच्या खेपेचे, काम घेण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलावे. ट्रान्सपोर्टचे लायसन दर पाच वर्षांनी नूतनीकरणाला जाते आणि त्याला वैद्यकीय दाखला जोडावा लागतो. काम टिकले आणि लायसन अडकले तर दोन्ही गेले. नवी गाडी टँकरची असेल, तर धोकादायक मालासाठी तीन दिवसांचे प्रशिक्षण आणि लायसनवर वेगळी नोंद लागते. तिची मुदत तीन वर्षे. तो खर्च आणि ते दिवस कोणाच्या खात्यावर, हे आधी ठरवा.

लाइनवरचा भत्ता हा पगारवाढ समजू नका. दोन वेळचे जेवण, चहा, अंघोळ, पार्किंग यातच तो बराचसा संपतो. रोज किती उरतो तो आकडा धरा. लोडिंगची वाट पाहत गाडीत बसलेला वेळ ड्युटीत मोजणार का, तेही विचारा. कायद्याने दिवसाला ८ तास आणि त्यावर दुप्पट दराने ओव्हरटाइम आहे. कोल्हापूरच्या किंवा गोव्याच्या खेपेत वाट पाहण्यातच निम्मा दिवस जात असेल, तर या एका उत्तरावर महिन्याचे हजारो रुपये अवलंबून असतात.

पण ‘मला लांबचा डेपो नको’ एवढे तोंडी बोलून घरी बसू नका. नेमणूकपत्रात ‘कंपनीच्या कोणत्याही ठिकाणी बदली होऊ शकते’ असे कलम असेल, तर बदली नाकारणे हे गैरवर्तन ठरवता येते. मग छाटणीची भरपाई दूरच, गैरहजेरीची चौकशी मागे लागते. अशा वेळी लेखी हरकत देऊन रुजू होणे हाच सुरक्षित मार्ग. अर्जात अंतर, पाळीची वेळ, घरची अडचण स्पष्ट लिहा. दोन प्रती करा, एकीवर ऑफिसचा शिक्का घ्या. शिक्का देत नसतील तर रजिस्टर पोस्टाने पोचपावतीसह पाठवा. पगार, कामाचे तास किंवा पाळ्या यांत बदल होणार असेल तर मालकाला २१ दिवस आधी बदलाची नोटीस द्यावी लागते. ती मिळाली का, हेही त्याच अर्जात विचारा. नेमणूकपत्रच नसेल तर पगाराच्या स्लिपा, पीएफचे पासबुक आणि गाडीच्या लॉगबुकातील नोंदी जपून ठेवा.

परदेशात काही ठिकाणी नवे काम काही आठवडे करून पाहून मग ठरवता येते. आपल्या कायद्यात असा चाचणीचा काळ नाही. पण मागायला हरकत नाही. ‘एक महिना करून पाहतो, न जमल्यास आजच्या पगारावर आणि आजच्या सेवेवर छाटणीची भरपाई मिळेल’ असे एका ओळीचे पत्र मालकाच्या सहीने मिळाले, तर तेच घ्यावे. तोंडी आश्वासन मॅनेजर बदलला की संपते.

सर्वांत फसवा पर्याय कंत्राटदाराचा. ‘गाडी तीच, लाइन तीच, फक्त पगार दुसऱ्या नावाने येईल’ असे सांगून जुन्या ठिकाणचा राजीनामा आणि नव्या ठिकाणचा अर्ज एकाच दिवशी घेतला जातो. धंद्याची मालकी खरोखर बदलत असेल तर तीन गोष्टी लेखी हव्यात: सेवेत खंड नाही, अटी पूर्वीपेक्षा वाईट नाहीत, आणि पुढे छाटणी झाल्यास नवा मालक जुन्या सेवेसह भरपाई देईल. यातली एक जरी नसेल तर जुन्या मालकाकडून भरपाई घेण्याचा हक्क तुम्हाला आहे. रुजू झाल्यावर महिन्याभरात पीएफच्या खात्यात जुन्या नोकरीची शेवटची आणि नवीची पहिली तारीख पाहा. आणि काहीही झाले तरी पेन्शनचा भाग काढून घेऊ नका. दहा वर्षांची सेवा भरली की ५८ व्या वर्षापासून पेन्शन लागते, आणि वेगवेगळ्या मालकांकडची वर्षे त्यात एकत्र धरली जातात.

छाटणी घेऊन गळीत हंगामात ट्रॅक्टरवर किंवा ट्रकवर जाऊ, असा विचार चिकोडी, अथणी, रायबागकडचे बरेच जण करतात. हंगामात पैसे दिसतात हे खरे. पण तो पाच-सहा महिन्यांत उरकतो, २४० दिवस भरत नाहीत, आणि उरलेल्या महिन्यांचे काय, याचे उत्तर त्या १,२६,००० मधूनच द्यावे लागते. जड वाहनाचे लायसन असलेल्या पस्तिशीच्या ड्रायव्हरला दुसरे काम मिळेल. त्याने छाटणी घ्यायला हरकत नाही. पन्नाशीच्या माणसाने मात्र हातात दुसऱ्या नोकरीचे पत्र असल्याशिवाय मोकळे होऊ नये.

छाटणी घ्यायची ठरली तर नोटिशीचा पगार आणि भरपाई कामावरून कमी करतानाच मिळाली पाहिजे. ‘पुढच्या महिन्यात बघू’ चालत नाही. राहिलेला पगार दोन कामकाजाच्या दिवसांत आणि ग्रॅच्युइटी ३० दिवसांत. त्या वर्गात शेवटी लागलेला आधी कमी करायचा, असा नियम आहे. तुम्हाला सोडून नंतर लागलेल्याला ठेवले असेल तर कारण लेखी मागा. तक्रार कामगार खात्याच्या कार्यालयात समेटासाठी द्यायची. ४५ दिवसांत काही झाले नाही तर थेट न्यायाधिकरणाकडे जाता येते. दोन वर्षे उलटू देऊ नका. घरगुती मोटार चालवणाऱ्यांना यातले बहुतेक काही लागू होत नाही, त्यांनी अटी सुरुवातीलाच लिहून घ्याव्यात.

मालकवर्गालाही एक विनंती. ड्रायव्हरला बोलावण्याआधी दोन्ही पर्यायांचा हिशेब एका पानावर द्या: सेवेची वर्षे, धरलेला पगार, भरपाई, ग्रॅच्युइटी, नव्या डेपोचे अंतर, पाळीच्या वेळा आणि जाण्या-येण्याची सोय. कन्नडबरोबर त्याची मराठी प्रतही द्या आणि किमान आठवडाभर विचार करू द्या. पहाटेच्या पाळीसाठी पिकअप गाडी दिली तर निम्मे लोक आनंदाने येतील. त्यांच्या नाराजीचे कारण डेपोपेक्षा रात्रीचा रस्ता हेच जास्त असते.

आणि छाटणी झालेल्यांनी जाताना आपला पत्ता व फोन नंबर लेखी देऊन पोच घ्यावी. वर्षाच्या आत मालक पुन्हा ड्रायव्हर भरणार असेल तर आधी कमी केलेल्यांना विचारावे लागते. पत्ता नव्हता हे कारण त्याला मिळू देऊ नये.

आपला,
वाहतूक कामगारांचे हिशेब तपासून देणारा एक वाचक
टिळकवाडी, बेळगाव